दुपारी दोनची उदबत्ती

"तो गंज उचल अन् नालीत टाक. माह्या डोयासमोर टाक."

घरमालकीण आमच्या खोलीच्या दारात उभी होती. नाकाला पदर. आई स्टोव्हपाशी बसलेली. गंजात वाळल्या झिंग्यांचं कालवण रटरटत होतं. बाबा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे, रविवारी सुट्टी असायची, म्हणून रविवारी बाजारातले मूठभर झिंगे. हिंगणघाटातली ती खोली घेताना बाबांनी आडनाव गिळून नुसतं नाव सांगितलं होतं. वासाने मालकिणीला सगळं सांगितलं.

आईने फडक्याने गंज धरला. अंगण लांब होतं. बाकीचे भाडेकरू आपापल्या दारातून बघत होते. मी आठ-नऊ वर्षांची, आईच्या मागे मागे. तिने कालवण नालीत ओतलं. मग मालकिणीने तिच्याकडून सगळं अंगण धुऊन घेतलं. आईने मान खाली घालून ते धुतलं. मला राग आला तो आईचा, मालकिणीचा नाही. त्याची लाज अजून वाटते.

त्यानंतर भाड्याने घेतलेल्या खोलीत आई शहाणी झाली. दुपारी दोनला, मालक मंडळी जेवून आडवी झाली की ती खिडकी लावायची. दाराखालच्या फटीत ओला टॉवेल कोंबायची. आणि झिंगे तव्यावर टाकायच्या आधी एकदम तीन उदबत्त्या पेटवायची. आम्ही धुरात डोळे चोळत जेवायचो. आवाज न करता. चोरून आणलेलं खावं तसं.

मी शिकले. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाले. माझे यजमान वारले, मुलगा पुण्याला. गावाबाहेरच्या नव्या ले-आउटमध्ये आम्ही बांधलेलं घर माझ्या एकटीच्या वाट्याला आलं. गेटवर घराचं नाव आहे, 'आनंद'. आडनाव नाही. पेंटरने विचारलं होतं, मी म्हटलं, राहू दे, जागा कमी आहे. जागा भरपूर होती.

दोन वर्षांपूर्वी गच्चीला लागून एक खोली काढली. शेजारच्या काकाजींनी चार खोल्या भाड्याने दिलेल्या, त्यांना यातलं सगळं कळतं. कुंपणापलीकडून त्यांनी माझी शिकवणीच घेतली.

"बाई, करारनामा अकरा महिन्याचा करजा. आधारची झेरॉक्स घेजा, पोलीस ठाण्यात माहिती देजा. पाण्याच्या मोटारीचं बटन आपल्या घरात ठेवजा. अन् हे सगळं मंग. पह्यले आडनाव विचारजा. मांसमच्छी चालत नाई म्हणून आधीच सांगून देजा."

शेवटचं ऐकून मी मान हलवली. काकाजी मला आपल्यातली समजत होते. तेवढ्यासाठी हलवली. मग दारावर पाटी लावली: फक्त शाकाहारी.

आष्टीकडची एक मुलगी आली. इथल्या दवाखान्यात नर्स. घरची भाजीपाल्याची शेती, दर महिन्याला माझ्यासाठी वांगी आणायची. मी आडनाव विचारलं तेव्हा ती क्षणभर थांबली होती. ते थांबणं मला पाठ होतं. तरी मी पेन हातात धरून वाट बघत बसले.

सहा महिने बरे गेले. मला ती मावशी म्हणायची. मग एका रविवारी दुपारी मी गच्चीवर वाळत घातलेल्या कुरड्या उलटायला गेले. तिच्या खोलीची खिडकी बंद. मे महिन्यात. आणि उदबत्तीचा वास. दुपारी दोनला कोण देवपूजा करतं?

मी जागीच उभी राहिले. तेव्हाच खाली निघून जायला हवं होतं. पण पलीकडच्या गच्चीवर काकाजी दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते. मी दार ठोठावलं. ठोठावलं कसलं, बडवलं. माझा आवाज मुद्दाम मोठा होता.

"झिंगे शिजवून राह्यली ना तू? उचल ते अन् नालीत टाक. माह्या डोयासमोर टाक!"

शब्द तोंडातून गेले आणि मला ते ओळखू आले.

पोरीचा चेहरा उतरला. पण तिने मान खाली घातली नाही. हळूच विचारलं, "मावशी, वास त उदबत्तीचा हाये. तुमाले झिंगे कसे समजले?"

मी काकाजींच्या गच्चीकडे बघितलं. तिने गंज उचलला. जिना उतरली, माझ्या अंगणातून गेली आणि नालीत ओतला. मी वरून बघत होते. काकाजी म्हणाले, "बरोबर केलं, बाई." मी हसले. देवाशप्पथ, मी त्यांच्याकडे बघून हसले.

दोन दिवसांनी ती सामान बांधायला लागली. मी वर गेले. म्हटलं, "नको जाऊ. खात जाय काय खायाचं ते. आता चालते." आणि मग कसंबसं म्हणाले, "आमच्या घरी बी शिजते."

"मले माहीत हाये," ती म्हणाली. "कितीक रविवारी दुपारी खालून बी उदबत्तीचा वास येते."

मी तिच्या खाटेवर बसले. खरं होतं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या खिडक्या लावून, फटीत टॉवेल कोंबून मी चाळीस वर्षांनंतरही तेच करत होते. तीन उदबत्त्या. मोजून तीन.

"तुमी चालते म्हणसाल तवा खायाचं, अन् नाई म्हणसाल तवा टाकाचं," ती म्हणाली. "मले नाई जमत, मावशी."

ती गेली. मी माफी मागितली, तिने ती घेतली नाही. का घ्यावी? माझ्या आईला जे अंगण चालावं लागलं, तेच मी तिला चालायला लावलं, आणि मला तर कुणी जबरदस्तीही केली नव्हती.

पाटी काढली. पेंटरला बोलावून गेटवर आडनाव लिहून घेतलं, ठसठशीत, रस्त्यावरून वाचता येईल असं. गेल्या रविवारी सकाळी अकराला सगळ्या खिडक्या उघडल्या आणि तव्यावर झिंगे टाकले. काकाजी कुंपणाशी आले. गेट त्यांनी वाचलंच असेल, तरी विचारलं, "बाई, हा वास कुठून येऊन राह्यला?"

"माह्या घरातून," मी म्हटलं.

ते वळून आत गेले. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. बंदच राहू दे.

वरची खोली अजून रिकामी आहे. बघायला जो येईल त्याला मी आडनाव विचारणार नाही. माझं गेटवर आहे. ते वाचून ज्याला जिना चढायचा असेल त्याने चढावं. आणि माझ्या अंगणातून आता कुणीही आपलं जेवण नालीत टाकायला जाणार नाही.