तिसरा पिक्चर

आमच्याकडे पिक्चर थिएटरात संपत नाही. घरी आल्यावर चहा होतो आणि चहाबरोबर हे दहापैकी गुण देतात. सहाच्या वर कधी कुणाला मिळाले असतील तर शपथ! मग मी भांडते. लग्न झाल्यापासून हे असंच चाललंय. गेल्या वर्षी यांना विसरायला व्हायला लागलं, तेव्हा परळचे डॉक्टर म्हणाले, "पिक्चर दाखवा, त्यावर बोलतं ठेवा." मला काय, आयतंच निमित्त. रस्ता चुकू दे, नळ उघडा राहू दे. जोवर हे गुण देतायत आणि मी भांडतेय, तोवर माणूस माझ्याजवळ आहे, असं मी धरून चालले होते.

त्या शनिवारी परळच्या मॉलमध्ये नवा भुताचा पिक्चर पाहिला. आवाज म्हणजे नुसत्या कानठळ्या. कोकणातलं घर, आणि ती मेली नायिका रात्रीची विहिरीवर जाते ती कंदील घेऊन. अगं, हातात मोबाईल आहे ना तुझ्या, त्याची बॅटरी लाव की! भूत कोण ते मला इंटरव्हलच्या आधीच कळलं. पण आरशाचा प्रसंग मात्र झकास जमलाय, तिथे मी घाबरून यांचा हात धरला. यांनी तो हळूच सोडवून घेतला. एसीत गारठले असतील, असं मी मनाशी म्हटलं.

रविवारी सकाळी दादरला मराठी. भावंडं, वाटणी, आईचं आजारपण. संवाद सगळे कॅलेंडरवरच्या सुविचारांसारखे. तरी मी रडले, खोटं कशाला बोलू? थोरल्या बहिणीचं काम तर फारच छान. पण शेवटी सगळ्यांनी गळ्यात गळे घालायची काय गरज होती? घरं अशी दोन मिनिटांत सांधली जात नाहीत, निदान आमच्या गिरगावात तरी नाही.

दोन्हींचे गुण रविवारी संध्याकाळी एकदमच द्यायचे ठरले होते. मी चहा आणला आणि यांच्यासमोर बसले.

"भुताच्याला किती?"

"तीन. भूत असं किंचाळत नसतं."

"आणि सकाळच्याला?"

"पाच. उगाच रडवतात."

मला इतकं बरं वाटलं! थोरल्या बहिणीसाठी भांडायला मी तोंड उघडणार, तोच हे म्हणाले, "तिसऱ्याला मात्र नऊ."

"तिसरा कुठला? दोनच तर पाहिले आपण."

"घरातला गं. त्या बाईचा."

मनात पाल चुकचुकली. तरी डॉक्टरांचं आठवून मी म्हटलं, "गोष्ट सांगा बघू."

"एक बाई घरात शिरते. बायकोच्या जागी. तिच्याच साड्या नेसते, तिच्यासारखाच चष्मा गळ्यात अडकवते. मेकअप तर विचारू नकोस! मोदक उकडताना मनगटावर भाजल्याचा डाग होता ना बायकोच्या, तोसुद्धा हुबेहूब काढलाय."

मी मनगटावर पदर ओढून घेतला. का, देव जाणे.

"मग नवऱ्याला कळतं कसं?"

"कळतं. एवढा संसार केलेला असतो."

"आणि तो काही बोलत नाही?"

"बोलतोय कसला! तिच्या हातचा चहा पितो, छान झालाय म्हणतो. तिला संशय आला नि ती निघून गेली तर? बायकोला कुठे ठेवलंय ते फक्त तिलाच ठाऊक."

जन्मभर माझ्या चहाला नावं ठेवणारा माणूस हल्ली रोज 'छान झालाय' म्हणत होता, आणि मी मूर्खासारखी खूश होत होते. मला भीती वाटली, यांची आणि माझीसुद्धा.

"शेवट काय मग?" मी कसंबसं विचारलं.

"शेवटी बायको येते." यांनी माझा हात घट्ट धरला. डोळे भरून आले होते. "आलीस ना! कुठे होतीस गं एवढे दिवस?"

"इथेच होते हो," मी म्हटलं.

तेवढ्यात स्वयंपाकघरात भांडं पडलं. हे दचकले. आणि देवाशपथ सांगते, मीही वळून पाहिलं.

"ती आत आहे," हे कुजबुजले. "आता देवाजवळ दिवा लावायला बाहेर येईल. तुला पाहिलं तर पुन्हा घेऊन जाईल."

दिवेलागण झालीच होती. काडेपेटी आत, ओट्यावर. उठून ती आणायची, एवढंच. पण आत गेले असते, तर बाहेर येताना मीच ती झाले असते. म्हणून मी उठले नाही. अंधार झाला तरी आम्ही तसेच बसून राहिलो.