उत्तराची लाइन

मुलुंडच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिक स्विच जोडायचं काम चालतं. तिथे उत्तरा परबइतका झपझप हात कुणाचा चालत नसे. आजोबा गिरणीत, वडील गिरणी बंद पडल्यावर वॉचमन; काम तक्रार न करता करायचं, हेच तिनं घरात पाहिलेलं. ती सुपरवायझर झाली तेव्हा बायकांना वाटलं, आपल्यातलीच आहे, बरं होईल.

झालं उलटंच. कुणी पाठ दुखते म्हटलं की ती म्हणे, "मीपण याच खुर्चीवर बसत होते ना? मला जमलं, तुला का नाही?"

तिला स्प्रिंग बसवायला शिकवणारी द्रौपदीताईही सुटली नाही. ताईचे स्विच सदोष म्हणून परत येऊ लागले. एकदा उत्तरानं तिच्यापुढचा ट्रे उचलला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "ताई, होत नसेल तर सांग. माझ्या लाइनची वाट लावू नकोस."

दुसऱ्या दिवसापासून ताई आलीच नाही.

मोठी ऑर्डर तोंडावर होती. उत्तरा चिडूनच भांडुपला तिच्या घरी गेली. ताई खिडकीशी तांदूळ निवडत होती, सूप हातभर लांब धरून. उत्तरा दारातच थबकली.

"ताई, दिसत नाही तुला?"

"जवळचं धूसर दिसतं. वर्ष होत आलं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर काय केलं असतंस?"

उत्तराला खोटं बोलवेना. "लाइनवरून काढलं असतं," ती हळूच म्हणाली.

"तेच," म्हणत ताई चहा टाकायला उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात उत्तरा स्टूल घेऊन एकेकीशेजारी जाऊन बसली. काय त्रास होतो, एवढंच विचारत राहिली. आधी कुणी तोंड उघडेना. मग नवीन आलेली स्वरदा म्हणाली, "मॅडम, दिव्याची तिरीप थेट डोळ्यांवर येते." त्यानंतर सगळ्याच बोलू लागल्या.

सगळ्यांचे डोळे तपासून घ्यायचं उत्तरानं सांगितलं, तेव्हा मॅनेजर देवदत्त वैतागले. "ऑर्डर डोक्यावर असताना डोळे तपासायचे?"

"अर्धा दिवस द्या, सर. ऑर्डर चुकली तर मला परत बेंचवर बसवा."

डॉक्टर आले, चष्मे आले, दिवे वळवले गेले. ताईला आणायला उत्तरा स्वतः गेली. लाइन सुरू होण्याआधी ती मध्ये उभी राहिली. "ताईला सगळ्यांदेखत बोलले, म्हणून माफीही सगळ्यांदेखत मागते." ताईनं तिचा हात धरून तिला खाली बसवलं. "बस गं. कामाला लागू."

ऑर्डर मुदतीच्या आधी पुरी झाली, आणि सदोष मालाचा खोका जवळजवळ रिकामा राहिला. देवदत्तांनी तो दोनदा वाकून पाहिला.

"वरच्या मजल्याची लाइनपण घेशील?" त्यांनी विचारलं.

"घेते. पण आधी तिथल्या बायकांशी बसून बोलते."

ऑर्डरचा माल घेऊन टेम्पो गेटबाहेर पडला तेव्हा सगळी लाइन जिन्यावर जमली होती. द्रौपदीताईनं दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली, की शेजारच्या गाळ्यातली माणसं कामं टाकून बाहेर आली.