डोळा राखून

डोळा लागू द्यायचा नाही, असं ठरवून मी चटईवर आडवी होते. दुपारची जेवणं झाली आहेत. हे द्राक्षबागेत गेलेत, छाटणी चालू आहे, ऊन कलल्याशिवाय येणार नाहीत. शेजारी सनू पालथी पडली आहे. भिंतींना मी गाद्या उभ्या करून लावल्या आहेत. तिच्या पाठीवर एक हात ठेवायचा आणि नुसतं पडून राहायचं, एवढाच माझा बेत आहे.

सनू म्हणजे सन्मती, माझी तेरा वर्षांची मुलगी. नाव माझ्या सासऱ्यांनी ठेवलं. महावीरांच्या आईचं नाव त्रिशला, आणि सन्मती हे महावीरांचंच एक नाव. "सूनबाई त्रिशला, मग नात सन्मतीच पायजे," असं म्हणून त्यांनी मंदिरात पेढे वाटले. सन्मती म्हणजे चांगली बुद्धी. तिला ऑटिझम आहे हे कळल्यापासून लोक तिचं नाव विचारतात आणि पुढं काय बोलावं हे त्यांना सुचत नाही. मीही त्यांना मदत करत नाही. मरू देत.

सासऱ्यांना मी मामा म्हणायची. ते भाद्रपदात गेले. सनू बोलते, पण उसन्या वाक्यांनी बोलते. भूक लागली की म्हणते, "सूर्य कलला, जेवायला बसा." तहान लागली की, "मोटर बंद कर, टाकी भरली." भीती वाटली की, "टँकर आला, बाजूला व्हा." कुठलं वाक्य कशाचं, हे मामांना बरोबर माहीत असायचं. ते गेले आणि सनूनं एक नवंच धरलं, "डोळा राखून." तेवढंच म्हणते आणि कपाळ भिंतीवर आपटते.

पंख्याचं पातं कुरकुरतंय. कट, कट. तेल घालायला हवं. कट, कट. पंख्याचा आवाज असा नसतो, हा कात्रीचा आहे.

मी बागेत उभी आहे. मांडवाखाली मामा छाटणी करतायत. पांढरी टोपी, बाह्या दुमडलेला सदरा, पायात माझ्याच स्वयंपाकघरातल्या सपाता. ते वारलेत हे मला ठाऊक आहे, तरी डोक्यावर पदर घ्यायला हात आपोआप वर जातो. अंगात गाऊन आहे. पदर सापडत नाही.

"मामा, तुम्ही?"

"मग बाग कुणी बघायची? शीतल्याला अजून काडी कळत न्हाई."

शीतल म्हणजे माझा नवरा. आमच्याकडे हे पुरुषांचं नाव. नाव शीतल आणि डोकं कायम तापलेलं.

"पोरगी कुठाय?" मामा विचारतात.

"झोपलीय. म्हणजे पडलीय. डोकं आपटते मामा ती."

"कवापासनं?"

"तुम्ही गेल्यापासनं."

बोलून जाते आणि मग मला कसंतरीच होतं. मेलेल्या माणसाच्या तोंडावर असं म्हणू नये. पण मामांनी ते मनावर घेतलेलं दिसत नाही. ते काडी वाकवून बघतायत.

"आणि एकच म्हणत राहते, डोळा राखून, डोळा राखून. त्याचा अर्थ तेवढा सांगा आणि मग खुशाल जा."

मामांचा चेहरा एकदम फुलतो. "म्हणती व्हय? माझंच हाय ते!"

तुमचंच आहे हे मलाही कळतं हो. वेलीवर जिथून नवी फूट येते त्याला डोळा म्हणतात, आणि काडी कापताना तो सोडून कापायचा, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. म्हणून आम्हांला वाटलं, तिला बागेची आठवण येत असेल. आणलं तिला बागेत. कात्रीचा आवाज ऐकला आणि तिनं मांडवाच्या खांबावरच डोकं आपटलं. मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी तिचे डोळे तपासून घ्यायला सांगितले. डोळ्यांत थेंब घातले, बॅटरी मारली, दोन माणसांनी तिला धरून ठेवलं. डोळे चांगले आहेत. गावात डोळा म्हणजे वेलीचा आणि मिरजेत डोळा म्हणजे कपाळाखालचा, दोन्हीकडून आम्ही हात हलवत परत आलो. हे सगळं मी मामांना सांगतेय, की नुसतं मनात म्हणतेय, ते मला कळत नाही.

"बसा," कुणीतरी म्हणतं.

मांडवाच्या तारांना ट्यूबलाइट लावलीय. खाली डॉक्टरीणबाईंचं टेबल आहे आणि आम्ही तिघं खुर्च्यांवर बसलोय, हे, मी आणि मामा. मामांच्या मांडीवर कात्री. डॉक्टरीणबाई कागदावर पेनानं चित्र काढतायत. त्या दिवशी काढलं होतं तेच.

"लहानपणी मेंदूत जोडण्या भराभर फुटतात," त्या सांगतायत, "लागतात त्यापेक्षा कितीतरी जास्त. मूल वाढतं तसा मेंदू त्यातल्या नको त्या काढून टाकतो. ऑटिझम असलेल्या काही मुलांत हे काढून टाकणं कमी पडतं, असं काही अभ्यासांत दिसलंय. सगळ्याच मुलांत नाही. आवाज, उजेड, स्पर्श यांचा त्रास त्यामुळं होत असेल, असं काहींना वाटतं. आणि वयात येताना मेंदूत पुन्हा मोठे बदल होतात."

"म्हणजे खरडछाटणी राहून गेली म्हणा की," हे म्हणतात. त्या दिवशीही असंच म्हणाले होते. आमची एप्रिलातली छाटणी, जुनं सगळं खरडून काढायची. डॉक्टरीणबाई त्या दिवशी हसल्या होत्या. आत्ता हसत नाहीत.

"ज्या मुलांना सांगता येत नाही, ती डोकं आपटायला लागली की आधी दुखणं शोधायचं," त्या म्हणतात. "कान, दात, पोट, पाळी, सगळं बघून झालं. सोमवारपर्यंत काही सापडलं नाही तर गोळी सुरू करू. ती शांत होईल. थोडी सुस्तही होईल. ठरवा तुम्ही."

"ही ठरवेल," हे म्हणतात आणि माझ्याकडे बोट करतात. मग खुर्ची रिकामीच असते. घरीही ह्यांचं असंच आहे. तू आई आहेस, तुला कळतं. मला काय डोंबल कळतंय?

मी कागद ओढून घेते. चित्रातल्या रेघा कागदाच्या कडेवरून खाली उतरतात, टेबलाचे पाय धरतात, फरशीवर पसरतात. फरशी माझ्या स्वयंपाकघराची आहे. ओट्याखालून वेल निघालाय, सिलिंडरला वेढा घालून खिडकीपर्यंत गेलाय. सगळीकडं पानंच पानं, एकात एक अडकलेल्या काड्या. आणि आतून आवाज येतायत. कुकरची शिट्टी, टँकर, शाळेची घंटा, माझं ओरडणं, सगळं एकदम आणि सारख्याच जोरात. मी कान झाकते. हे सनूच्या डोक्यातलं आहे, हे मला कुणी सांगावं लागत नाही.

"मामा, छाटा ना हे!"

मामा ओट्याजवळ कात्री घेऊन उभे आहेत.

"कुठली छाटू?"

"कुठलीही. थोडं मोकळं होऊ दे तिला."

"ह्यातल्या कुठल्या काडीवर ती 'आई' म्हणती, तुला ठावं हाय का?"

"नाही."

"मलाबी न्हाई." ते कात्री माझ्यापुढं धरतात. "तुला छाटायची आसंल तर छाट."

मी कात्री घेत नाही. मला रडू येतं, आणि रडण्याचाही आवाज पानांत शिरेल म्हणून मी तोंडात पदर कोंबते. आता पदर आहे.

"तुम्हांला सगळं कळायचं तिचं," मी म्हणते. "मला का नाही सांगून गेलात? एक वाक्य तरी सांगायचं होतं. काय दुखतंय तिचं?"

"लई विचारतीस गं तू," मामा म्हणतात. रागानं नाही, पण त्यांना जायची घाई असावी. सपाता काढून ते दाराशी नीट जोडीनं ठेवतात. "हात आण हिकडं."

"कशाला?"

"आण की. वळवळ करू नको. डोळा राखून कापतो."

त्यांचा हात गरम आहे. मेलेल्या माणसाचा हात इतका गरम कसा, असं मनात येतं, आणि ते माझा अंगठा घट्ट धरतात. मला भीती वाटते, पण सोडवून घ्यावंसं वाटत नाही. कट.

मी जागी होते.

पंखा फिरतोय. गादी एका बाजूला सरकलीय. सनू माझ्याजवळ मांडी घालून बसलीय आणि माझा अंगठा तिच्या मुठीत आहे. दुसऱ्या हातात नेलकटर.

तो मी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला होता, कात्र्या आणि सुऱ्यांबरोबर. तिच्यासमोर मी तो काढतच नाही. ती झोपली की तिची नखं कापते, आणि अगदी बारीक कापते, कारण ती स्वतःला ओरबाडते. आधी हे काम मामांचं होतं. रविवारी तिला बागेतल्या खोलीत घेऊन जायचे आणि कापून आणायचे. तिथं ते कसं कापतात, हे बघायला मी कधी गेले नाही. आठवड्यातली तेवढीच घटका मला निवांत मिळायची.

मी माझा अंगठा बघते. नख कापलंय. मांसापर्यंत नाही, वर पांढरी कड तशीच सोडलीय, सगळीकडं सारखी. मी तिचे दोन्ही हात उलटे करते. दहाही नखं खोल गेलीत. बोटांची टोकं लाल आहेत, कडेनं मांस उघडं पडलंय. ही बोटं रोज माझ्या हातात असतात. जेवण भरवताना, वेणी घालताना, तिला भिंतीपासून ओढताना.

एवढंच असेल का? एवढ्यासाठी कुणी भिंतीवर डोकं आपटेल? तिच्या डोक्यात ते किती मोठं होऊन जातं, मला कसं कळणार? आणि हे नसलंच तर? सोमवारी मी त्या बाईंना काय सांगू, स्वप्नात सासरे आले होते?

मी तिच्या बोटाच्या टोकाला हलकेच हात लावते.

"सनू, हे दुखतंय का?"

ती माझ्याकडं बघत नाही. पंख्याकडं बघते.

"हे दुखतंय का?" ती म्हणते.

तिचं 'हो' असंच असतं. तिचं 'नाही'सुद्धा असंच असतं.

"सनू, सांग ना गं. हेच का?"

"हेच का," सनू म्हणते आणि माझं दुसरं बोट धरते. "डोळा राखून."

मी हात तसाच तिच्याकडं राहू देते. चटईवर माझ्या नखाचा तुकडा पडलाय, चंद्रकोरीसारखा बारीक. तो मी उचलत नाही, कारण त्यासाठी हात सोडवावा लागेल.