अजून न निघालेल्या वाटांची जागा

ठाण्यात जुन्या राउटरांच्या दुकानात त्या बाई मला एकदाच भेटल्या. माझ्यासारख्याच गिऱ्हाईक. नाव विचारायचं राहूनच गेलं. एकेक मोठा राउटर सुरू करायला लावून त्या त्याच्या पंख्यासमोर तळहात धरत होत्या आणि डोळे मिटत होत्या, जणू लांबून येणाऱ्या कुणाची तरी चाहूल घेतायत.

ठाण्याच्या पुढे, दिवा स्टेशनजवळ आम्ही घरोघरी इंटरनेट देतो. दोन कंपन्यांकडून लाइन घेतलीय, त्यामुळे दोन्हींतली जवळची वाट निवडायला राउटरला जगभरच्या सगळ्या नेटवर्कांकडे जाणाऱ्या वाटा लक्षात ठेवाव्या लागतात. आमच्या आधीच्या राउटरची मेमरी भरली आणि अख्ख्या वस्तीचं नेट बंद पडलं. लोक चिडून दुसरीकडे जायला लागलेले.

दुकानात मी एक स्वस्तातला राउटर उचलून पाहिला. "सगळ्या वाटा मावतात यात," म्हटलं.

"आजच्या," त्या डोळे न उघडताच म्हणाल्या. "रोज कुठेतरी नवी वाट निघते हो. तिला कुठे बसवणार?"

मी मोठा घेतला.

आता दुपारी त्याच्या पंख्यासमोर मीही हात धरतो. ऊबदार वारा येतो. बाहेर दिव्यात पाय ठेवायला जागा नाही. आत, या डब्यात, अजून वसलीही नाहीत अशा गावांसाठी मी जागा धरून बसलोय.