आडवा दानियाल

बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीत नियाज मास्टरचं टेलरिंगचं दुकान आहे. एक मशीन, एक कापायचं टेबल, एक आरसा. गिऱ्हाईक उंबऱ्यातून आत येईपर्यंत त्याची छाती, कंबर आणि बाही मास्टरच्या डोळ्यात उतरलेली असते. टेप लावतो तो गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. त्याच्या हिशोबात इंच हे मोठं माप आहे. तो सुतात बोलतो. आठ सुतांचा एक इंच. दोन सुतांसाठी त्यानं नवरदेवांच्या शेरवान्या उसवल्या आहेत आणि नवरदेवांच्या बापांशी भांडणं केली आहेत.

गोष्ट दोन हजार सहाच्या मे महिन्यातली. लग्नसराई होती, पण कापसानं दगा दिला की आधी नवरदेवाचा सूट रद्द होतो, मग बँड, आणि सगळ्यात शेवटी जेवण. त्या साली मास्टरकडे नव्या शर्टांपेक्षा जुन्या शर्टांच्या कॉलरी उलटून द्यायचं काम जास्त होतं. कॉलर उलटायला फार वेळ लागत नाही. त्यामुळं ऐन मे महिन्यात मास्टरला सलग दुसऱ्या वर्षी रिकामा रविवार मिळाला, आणि त्यानं बायकोला, सुरैय्याला, सांगितलं की पोरांना घेऊन वॉटर पार्कला जाऊ.

पहिल्या वर्षीचा रविवार घरात कोणी विसरलं नव्हतं. नागपूरकडच्या एका पार्कात मोठ्या घसरगुंडीला चार फुटांची अट होती. थोरला पोरगा दानियाल तेव्हा सात वर्षांचा आणि अटीला तीन बोटं कमी. त्याला दिवसभर फलकबरोबर, म्हणजे चार वर्षांच्या बहिणीबरोबर, पिवळ्या बदकांच्या टाक्यात बसावं लागलं. पाणी घोट्यापर्यंत. बदकाच्या चोचीतून पिचकारी उडे. परतीच्या वाटेवर तो सगळ्यांकडं पाठ करून बसला. घरी आल्यावर मास्टर म्हणाला, "पुढच्या साली तू मोठ्या घसरगुंडीवरून जाशील. माझी जबान."

त्या दिवसापासून दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा पडायला लागल्या.

यंदाचा पार्क अकोल्याच्या अलीकडे, हायवेला लागून होता. नाव लहरी महल. तिथल्या घसरगुंडीचं नाव अजगर, आणि अट तीच, चार फूट. शुक्रवारी सकाळी दानियाल उठल्या उठल्या मास्टरनं त्याला चौकटीला टेकवलं. चार फूट एक सूत. मास्टरनं अल्लाचे आभार मानले. संध्याकाळी पोरगं खेळून आलं तेव्हा सहज पुन्हा मोजलं. चार फुटाला दोन सूत कमी.

सुरैय्याला वाटलं मोजण्यात चूक झाली. मास्टरला तसं वाटलं नाही. त्याच्या धंद्यात हे जुनं ठाऊक आहे: माणूस सकाळी लांब असतो, दिवसभर उभा राहून खचतो. म्हणून शेरवानीची लांबी तो सकाळीच घेतो.

"म्हणजे उभा राहिला की कमी होते," मास्टर म्हणाला.

"मग?"

"मग उभा राहू द्यायचा नाही. पलंगावरून थेट अजगराच्या मापाच्या पाटीपाशी."

"अजी, पोरगं हाय का कपड्याचं ठान?"

"ठानसुद्धा उभं ठेवलं की घड्या पडतात," मास्टर म्हणाला. तो विनोद करत नव्हता.

रविवारी पहाटे दानियालला गोधडीसकट उचललं. ऑटोत तो तिघांच्या मांडीवर आडवा, पाय बाहेर. स्टँडवर बाकावर आडवा. दात आडव्यानंच घासले, चूळ सुरैय्यानं धरलेल्या डब्यात भरली. अकोल्याच्या एसटीत तिघांच्या सीटवर त्याला लांब केलं, डोक्याशी मास्टर उभा, पायाशी सुरैय्या उभी. फलक पुढच्या सीटवर खिडकीशी जागा मिळाल्यानं खूश होती.

कंडक्टर आला. "पेशंट हाय का?"

"नाही," मास्टर म्हणाला.

"मग उठवा न त्याले. लोकं उभे हायेत."

"उठवता येत नाही."

"कावून?"

उत्तर फलकनं दिलं. "भैय्या उभा राह्यला की कमी होते."

सगळी गाडी मान वळवून पाहायला लागली. कंडक्टरनं तिकिटं फाडली आणि आवाज उतरवून विचारलं, "डाक्टर काय म्हणते?"

"डाक्टरले नाही दाखवलं," सुरैय्या म्हणाली. तिला हसू दाबायचं होतं, म्हणून तिनं पदर तोंडाला लावला. गाडीनं ते रडणं समजलं.

पलीकडच्या सीटवर नांदगाव खंडेश्वरचे खुशालराव बसले होते. पांढरी टोपी, खांद्यावर दुपट्टा, मांडीवर पाण्याची कॅन. शेतकरी माणूस, साठीचा, पुतण्याच्या साखरपुड्याला निघालेला. ते मास्टरच्या जवळ सरकले. "खरं सांगा, काय झालं पोट्ट्याले?"

मास्टरनं खरं सांगितलं. सूत, चौकट, शेरवानी, अजगर, सगळं. खुशालरावांनी मन लावून ऐकलं आणि मान डोलावली.

"बराबर हाय तुमचं. मोर्शीहून संत्र्याची कलमं आणतो न आमी, ती आडवीच आणतो. पण तुमी एक चुकून राहिले बावा."

"काय?"

"ओलं फडकं. ओलं फडकं नाही बांधलं तर कलम सुकते. हे तर मे मयना हाय."

मास्टरला यात तथ्य वाटलं. सुती कापड कोरडं झालं की आटतं, हे त्यालाही माहीत होतं. खुशालरावांनी आपला दुपट्टा कॅनमधल्या पाण्यात भिजवला आणि दोघांनी मिळून दानियालला घोट्यापासून छातीपर्यंत गुंडाळला.

"अब्बा, थंड लागते."

"हलू नको. सूत जाते."

यानंतर गाडीत कोणाला शंका उरली नाही. मागून तानुबाई नावाची एक म्हातारी आली, दानियालच्या कपाळावरून हात फिरवला, त्याच्या मुठीत बिस्किटाचा पुडा दिला. "देव बरा करन रे बाप्पा तुले." एका बाईनं दोन केळी दिली. एकानं बाळापूरकडच्या कुठल्याशा हकिमाचा पत्ता कागदावर लिहून मास्टरच्या खिशात कोंबला. मास्टर प्रत्येकाला सांगत होता की पोरगं ठणठणीत आहे. बाप आहे, असंच बोलणार, असं लोक एकमेकांना सांगत होते. मूर्तिजापूर येईस्तोवर दानियालनं अर्धा पुडा आणि एक केळं संपवलं होतं आणि बारीक कण्हायलाही सुरुवात केली होती.

"चूप," सुरैय्या पुटपुटली. "एक ठेवून देईन."

"ठेव. मी पेशंट हाय."

पार्कापाशी एसटीचा थांबा नव्हता. पण कंडक्टर मनाचा चांगला. त्यानं गाडी थेट लहरी महलच्या दारात उभी केली, मास्टरबरोबर दानियालला उतरवून घेतलं आणि दारावरच्या माणसाला ओरडून सांगितलं, "पेशंट हाय हो! जरा संभाळून घ्या!"

खुशालरावांनी दुपट्टा परत घेतला नाही. "असू द्या," ते खिडकीतून म्हणाले. "कलम जगलं पायजे."

दारावरच्या माणसाचं नाव सहदेव. निळा शर्ट, गळ्यात शिट्टी. सकाळी दारावर, अकरानंतर अजगरापाशी अशी त्याची ड्यूटी. ओल्या दुपट्ट्यात गुंडाळलेलं पोरगं बापाच्या खांद्यावर बघून त्यानं आधी खुर्ची आणली, मग पाणी, मग विचारलं, "इकडं कसे आले? दवाखाना पुढं हाय."

"अजगरावर जायचं आहे," मास्टर म्हणाला.

सहदेवनं पोराकडं पाहिलं. पोराच्या ओठाला केळं लागलं होतं. "भाऊ, बिमार लेकराले अजगरावर सोडता येत नाही. नियम हाय."

"बिमार नाही तो."

"आत्ता एसटीवाला काय बोलला?"

"तो चुकीचं बोलला."

"मग दुपट्टा कायले बांधला?"

मास्टरनं दुसऱ्यांदा सूत, चौकट आणि शेरवानी सांगितली. सहदेव शेवटपर्यंत ऐकत राहिला आणि म्हणाला, "बरं. मग त्याले म्हणा कारंज्याले तीन चकरा मार. अन् दहा उठाबशा. धड असन तर मी सोडतो."

मास्टरचा चेहरा उतरला. "उठाबशा नको. दोन सूत जातील."

"उठाबशा नाही तर अजगर नाही."

"एक चकर. उठाबशा नाही."

"हे काय भाजीबजार हाय?"

दोघं चिंच-आवळा खाल्ल्यासारखं आंबट तोंड करून एकमेकांकडे पाहत राहिले. तेवढ्यात दानियालनं निकाल लावला. तो चार तास आडवा होता आणि अंगात बिस्किटं होती. दुपट्टा सोडून तो सुटला तो कारंज्याभोवती पाच चकरा मारूनच थांबला. मग वीस उठाबशा, मोठ्यानं मोजून. मग कोणी न सांगता दोन कोलांट्या. प्रत्येक उठाबशीला मास्टर डोळे मिटत होता.

"धड हाय," सहदेव म्हणाला.

अजगरापाशी लाकडाची पाटी होती. तिच्यावर शेपटीवर उभा राहिलेला हिरवा साप रंगवला होता आणि त्याच्या जिभेपाशी लाल रेघ. दानियाल टाचा टेकवून उभा राहिला, श्वास कोंडून, मान ताणून. मागं तीसेक माणसांची रांग. सहदेवनं त्याच्या डोक्यावर पट्टी धरली, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. पट्टी रेघेवर होती, किंवा नव्हती.

"मले तर बराबर दिसते," सहदेव म्हणाला. मग त्याच्या मनात काय आलं कोण जाणे. "मास्टर, तुमी टेलर. तुमीच सांगा. तुमी म्हणान ते."

रांगेतले लोक मास्टरकडं पाहायला लागले. दानियालही डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहत होता. सुरैय्यानं नवऱ्याच्या कोपराला चिमटा काढला, असा की खूण आठवडाभर राहिली. एक शब्द बोलायचा होता. मास्टरनं पट्टीकडं पाहिलं, रेघेकडं पाहिलं, आणि तोंडातून आयुष्यभर जे निघत आलं तेच निघालं.

"दोन सूत कमी."

"या अल्ला," सुरैय्या म्हणाली. "दोन सूत पोरात कमी नाही, तुमच्यात कमी हाये."

सहदेवला वाईट वाटलं, पण आता तीस माणसांनी ऐकलं होतं. त्यानं पट्टी खाली घेतली.

दानियाल रडला नाही. त्यानं कोंडलेला श्वास सोडला, त्यात आणखी एखादं सूत गेलं असेल. बापाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमी चार फुटाच्या वर आहात?"

"पाच फूट पाच इंच तीन सूत."

"मग तुमी जा. अन् मले सगळं सांगा."

इथं सांगायला हवं की नियाज मास्टर दुकानातल्या स्टुलावरही चढत नाही. वरच्या फळीवरचं कापड सुरैय्या काढून देते. अजगर तिमजली होता. पण पोराला दिलेली जबान त्यानं स्वतःच्या तोंडानं मोडली होती, आणि सुरैय्या त्याच्याकडं ज्या नजरेनं पाहत होती तिच्यापेक्षा तीन मजले बरे होते. भाड्याची नायलॉनची चड्डी त्यानं उलटीपालटी करून पाहिली, शिलाई कच्ची आहे असं काउंटरवर सांगितलं आणि घातली. जिना त्यानं कठडा दोन्ही हातांनी धरून चढला. मागचे लोक "चाला न चाचा" करत होते. वर पोचल्यावर बसला, आणि कोणीतरी ढकललं.

खालच्या टाक्यात तो बाहेर आला तेव्हा नाकातोंडात पाणी होतं आणि चड्डी एका हातात धरलेली होती. काठावर दानियाल उकिडवा बसला होता.

"किती वळणं?"

"बेटा, ते काही..."

"मधी अंधार होता का?"

"डोळे मिटले की अंधारच असतो."

"डोळे मिटले होते?" दानियालनं एवढं शांतपणे विचारलं की मास्टरला आपल्याला शिलाई शिकवणाऱ्या उस्तादाची आठवण झाली. "मग परत जा."

मास्टर परत गेला. या खेपेला एक डोळा उघडा होता. वळणं पाच निघाली, पण डावी किती, उजवी किती ते सांगता येईना. तिसऱ्या खेपेला रांगेनं त्याला आपणहून पुढं सोडलं. सहदेव म्हणाला, "मास्टर, जेवून घ्या आधी." मास्टर थांबला नाही. तो बाहेर आला तो वाहत्या नाकानं मोजत आला: पाच वळणं, तीन डावी, दोन उजवी. चौथ्यावर अंधार. तिथं वर पत्र्याला फट, तिच्यातून हातभर आभाळ. पाचव्यानंतर पोट वर राहते, माणूस खाली जातो.

दानियालनं सगळं ऐकलं, एकदा म्हणून पाहिलं आणि बदकांच्या टाक्याकडं गेला. तिथं फलक आणि आणखी सहा-सात पोरं घोटाभर पाण्यात बसली होती. तो मधे उभा राहिला, पाय फाकवून.

"अजगरात आठ वळणं हायेत," तो म्हणाला. "आठही अंधारात. अन् शेवटच्यावर एक खरा साप बसला हाय."

पोरं आ वासून ऐकत होती. काठावर टॉवेल गुंडाळून, दात वाजवत बसलेल्या मास्टरला राहवलं नाही.

"पाच," तो म्हणाला. "वळणं पाच आहेत."

दानियालनं मागं वळूनही पाहिलं नाही. "तुमी चूप राहा अब्बा. तुमचे डोळे मिटले होते."