रिकाम्या वर्गातलं इंग्रजी
सरकीचा वास आला की मला नांदुऱ्याची आमची शाळा आठवते. मी दहावीत होते. हायस्कूलच्या मुलांना वर्षभर अमेरिकेत शिकायला पाठवणाऱ्या एका योजनेसाठी हेडमास्तरांनी माझा अर्ज भरला होता. ते एकटेच राहत. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात ते मला इंग्रजी बोलायला शिकवत. शेजारच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यातून सरकीचा वास येई आणि आम्ही दोघं इंग्रजीत बर्फाबद्दल बोलत असू. माझी निवड झाली, फक्त वडिलांची सही राहिली. त्यांनी कागद बराच वेळ हातात धरला आणि म्हणाले, "तिथं तुले ताप आला तं मी कसा येऊ, पोरी?" सही न झालेला कागद मी हेडमास्तरांना परत दिला. "बरं," ते म्हणाले, "आता शाळा सुटल्यावर थांबू नको." तरी दुसऱ्या दिवशी सवयीनं माझे पाय तिकडेच वळले. खिडकीतून पाहिलं, तर ते पुस्तक उघडून नेहमीच्या जागी बसले होते आणि समोर कुणीच नव्हतं. आत जाऊन काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी पाय न वाजवता परतले. अमेरिका हुकल्याचं आता काही वाटत नाही, पण त्या दिवशी मी आत जाऊन बसले नाही, हे अजून सलतं.