कणगीतली मीना

नव्या धानाचा वास लोकांना आवडतो. मला अजून त्याची भीती वाटते. परवा सुनेने कणगीचं झाकण काढलं आणि मी मोहाडीच्या माहेरी जाऊन पोचले.

शेजारचा चिनी डॉक्टर आठवडी बाजारात दात काढायचा. त्याची बायको लुगडं नेसायची, आमच्यासोबत भुलाबाईची गाणी म्हणायची. चीनशी लढाई लागली आणि त्यांना न्यायला पोलीस आले. आईने त्यांच्या मुलीला, मीनाला, आमच्या कणगीत बसवलं, मला दारात. धानाच्या धुळीने ती शिंकली तर?

"हिची मैत्रीण कुठं हाये?" शिपायाने विचारलं.

"मामाच्या गावाले गेली," आई म्हणाली.

"चिन्यायच्या पोरीले कुठलं वं मामाचं गाव?" शिपाई हसला.

"करडी. माझा भाऊच तिचा मामा हाये."

तेवढ्यात जीपमधून तिच्या आईने हाक मारली, "मीना, ये वं माय! तुले सोडून मी कशी जाऊ?"

मीना आपणच बाहेर आली, केसांत तूस घेऊन. तेव्हा मला तिचा राग आला होता. आता वाटतं, मीही निघाले असते.

संक्रांतीला करडीचा मामा आला. मीनाला नेल्याचं त्याला कोणी कळवलं नव्हतं. नेहमीसारखे त्याने दोन झगे आणले. आईने एक मला दिला, दुसरा कणगीत ठेवून झाकण लावलं.